बेट बाळंत असताना

ज्यांना राग यायचा त्यांना येऊ दे, मी सांगणारच आहे. चौतीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. हजारावर बाळंतपणं या हातांनी केली. कुणाची तरी सोय आहे म्हणून एकाही बाईला मी लवकर मोकळं केलं नाही, की ताटकळत ठेवलं नाही. आणि निवृत्त झाल्यावर, पोटच्या पोरीच्या कौतुकापायी, तेच पाप पाखरांच्या बाबतीत मी उघड्या डोळ्यांनी होऊ दिलं. त्या दिवशी तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही. त्यातली निम्मी माझी मलाच लागते, तेही सांगून टाकते.

मी नलिनी लिंबोरे. चांदसांगवीच्या भोईवाड्यात मला सगळे सिस्टरच म्हणतात. आमच्या बंधाऱ्याचं पाणी पसरून जी पाणथळ झाली, तिचं आता पक्षी अभयारण्य आहे. हल्ली ऊन असं की शाळा मार्चातच मिटतात. मग अभयारण्यात मुलांचं शिबिर भरतं, सकाळी साडेपाच ते नऊ. ते मी चालवते. टिटवीची अंडी पायाखाली येऊ नयेत म्हणून कसं चालायचं, पाणकावळा पंख पसरून का बसतो, दुर्बिणीतून बघताना श्वास का धरायचा, असलं सगळं शिकवते. यंदा बावीस मुलं होती.

बंधाऱ्याच्या मधोमध वाळूचं एक बेट आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते उघडं पडतं आणि सुरय पक्षी तिथं अंडी घालतात. डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच, अंग राखाडी. घरटं म्हणजे वाळूतला नुसता खळगा. भोईवाड्यात एक रीत आहे. बेटावर अंडी दिसली की 'बेट बाळंत आहे' असं म्हणायचं. बाळंतिणीच्या दाराला बांधतात तसा कडुलिंबाचा डहाळा बेटाच्या टोकाला काठीला बांधायचा. मग पिल्लं आपल्या पायांनी पाण्यापर्यंत येईस्तोवर कुणी तिकडं होडी घालायची नाही, मासे कितीही असोत. ही रीत कुठं लिहिलेली नाही आणि कुणी मोडल्याचं मला आठवत नाही.

घोटाळा पाण्याचा होता. वरच्या धरणातून उन्हाळी आवर्तन सुटलं की आमचा बंधारा दोन दिवसांत हातभर चढतो आणि बेट बुडतं. पूर्वी हे पाणी पिल्लं पळती झाल्यावर यायचं. आता खालच्या शहरांच्या टाक्या लवकर आटतात, म्हणून पाणीही लवकर सुटतं. अंडी फुटायला दोन दिवस उरलेले असतात आणि पाणी येतं. असं सलग तीन वर्षं झालं. मुलं काठावरून बघत होती आणि मी त्यांना काय शिकवणार होते?

माझी जुईली आवाजाचं शास्त्र शिकलेली आहे. लहानपणी एका वर्षी पाणी अवेळी आलं होतं, तेव्हा मामाच्या होडीतून तिनं तरंगणारी अंडी पाहिली होती, ते तिच्या डोक्यातनं गेलं नव्हतं. एका दुपारी तिनं माझ्या कानाला हेडफोन लावला. आत बारीक टकटक ऐकू येत होती, मधूनच चिवचिव.

"आई, हे अंड्याच्या आतलं आहे. फुटायच्या दोन-तीन दिवस आधीपासून पिल्लू आत बोलायला लागतं. शेजारच्या अंड्यातलं ते ऐकतं. शेजारी पुढं गेलेला असला तर हे घाई करतं, मागं असला तर धीर धरतं. म्हणजे सगळी एकदम बाहेर येतात, मागं कुणी राहत नाही."

"मग?"

"मग आपण शेजारी व्हायचं."

तिनं सुपारीएवढं एक यंत्र केलं. ते घरट्याशेजारी वाळूत पुरायचं. त्यातून पुढं गेलेल्या पिल्लांची टकटक वाजत राहते. अंड्यातल्या पिल्लाला वाटतं, सगळे निघाले, आपणच मागं राहिलो. मग ते जोर करतं. याच्या जोरावर फुटण्याची वेळ दोन दिवस अलीकडं आणता येते, फार ताणलं तर अडीच. त्यापुढं नाही, कारण बाहेर येण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं, तीच त्याची पहिल्या दिवसांची शिदोरी. ते नीट व्हायच्या आत बाहेर काढलं तर ते अपुऱ्या दिवसांच्या बाळासारखं. हे तिला मी समजावायची गरज नव्हती, तीच मला समजावत होती. यंत्राचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं. आमच्या होडीवाल्यांनी त्याला सुईण म्हणायला सुरुवात केली आणि तेच रूढ झालं.

गेल्या वर्षी तिनं पाच घरट्यांवर सुईण लावली. पाणी चढायच्या आदल्या दिवशी पाचही घरट्यांतली पिल्लं बाहेर आली आणि पाण्याच्या पुढं पुढं पळत, मग पोहत काठाला लागली. मी काठावर बसून रडले. माझ्या पोरीनं बेट वाचवलं असं मी भोईवाड्यात घरोघर सांगत सुटले.

तिथूनच बिनसलं. अभयारण्याचे अधिकारी पानगव्हाणे साहेब तिला भेटायला आले. माणूस वाईट नाही, पण वरून फोन आला की त्याचा कणा वितळतो. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "म्हणजे मॅडम, अंडी फुटायचा दिवस आपल्या हातात?"

"दिवस काय, तासही," जुईली म्हणाली.

पोरीला तेवढा एक शब्द गिळता आला नाही. आणि मीही तिथं बसून फुशारले होते, तेव्हा तिला एकटीला काय बोलू?

महिन्याभरात ठरलं. अकरा पाणथळींवर सुईण बसवायची परवानगी मिळणार, पण त्याआधी आमच्या बेटावर एक मोठा कार्यक्रम. मंत्रिमहोदयांच्या साक्षीनं एकेचाळीस घरटी एका वेळी फुटताना थेट दाखवायची. बैठकीत तारखांचा घोळ चालला होता. पाणी कधी सुटणार ते कळलं होतं, त्याआधी सगळं उरकायचं होतं. मी मुलांच्या शिबिराची म्हणून बैठकीला होते. मी म्हणाले, "अक्षय्य तृतीयेला करा. त्या दिवशी मुहूर्त बघावा लागत नाही."

सगळे हसले, साहेबांनी लगेच वहीत लिहून घेतलं. वेळ सकाळी साडेदहा. जुईलीनं हिशेब केला आणि म्हणाली, अडीच दिवस ओढावं लागेल, अगदी टोकाला जातंय, पण जमेल. दुकानाचं उद्घाटन ठरवावं तसं आम्ही शहाण्णव जिवांचा जन्म ठरवला, आणि ठरवणाऱ्यांत मी होते.

अक्षय्य तृतीयेला सकाळी पोचले तर बेटाच्या टोकावरचा डहाळा नव्हता.

"साहेब, डहाळा कुठं गेला?"

"सिस्टर, कॅमेऱ्याच्या आड येत होता. काढायला सांगितला. कार्यक्रम झाला की परत लावू."

बेटापासून दोनशे पावलांवर थांबायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात तीस पावलांवर तराफे नांगरले होते, वर कनात, खाली खुर्च्या, फुलांच्या माळा. भोवती होड्यांचं कडं. होड्या आमच्याच माणसांच्या. माझा भाऊ बाळनाथ पहिल्या होडीत बसला होता. त्यानं डहाळ्याच्या मोकळ्या काठीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी साडीच्या निऱ्या नीट करायला लागले. लेकीचा दिवस आहे, आज तोंड उघडायचं नाही, असं मी मनाला बजावलं होतं. शिबिराची मुलं काठावर रांगेत बसवली होती, हातात कागदी पक्षी देऊन.

पावणेदहाला निरोप आला की पाहुणे दुसऱ्या कार्यक्रमात आहेत, जरा उशीर होईल. साहेब लगबगीनं जुईलीकडं आले. "मॅडम, थोडं लांबवा."

"लांबवता येणार नाही, सर. अंडी आतून टोचायला लागली आहेत."

"अहो, तासही हातात आहे म्हणाला होतात ना?"

"आणायचा हातात आहे. एकदा आणला की नाही."

साडेदहाला, जुईलीनं सांगितलं होतं त्याच मिनिटाला, मोठ्या पडद्यावर पहिल्या अंड्याला तडा गेला. मग दुसऱ्याला, मग दहाव्याला. तराफ्यावर टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्या अजून ऐकू येतात आणि माझे हात त्यात होते याची लाज वाटते.

आता यातलं एक समजून घ्या, कारण सगळं त्यावरच आहे. भर उन्हात सुरय काय करते माहीत आहे? पाण्यावर उतरून पोटाची पिसं भिजवते, मग येऊन अंड्यांवर बसते. दर काही मिनिटांनी एक भिजून येतो, दुसरा उठतो. अंड्याला तडा गेल्यावर तर हे जास्तच लागतं, कारण कवचाच्या आतला पातळ पापुद्रा ओला राहिला तरच पिल्लाला आत फिरता येतं. तो वाळला की जखमेवर वाळलेल्या फडक्यासारखा अंगाला चिकटतो. मग पिल्लू ना आत ना बाहेर. त्या दिवशी वाळूचं तापमान जुईलीच्या यंत्रावर त्रेपन्न होतं आणि तीस पावलांवर माणसांची जत्रा होती. पाखरं ओल्या पोटांनी वर घिरट्या घालत ओरडत होती, खाली उतरायला एकही धजत नव्हतं.

अकरा वाजले. पाहुणे निघाले म्हणे. सव्वाअकराला पाहुणे वाटेत म्हणे. निवेदकानं माइकवरून सांगितलं, "पक्षीही जणू मान्यवरांच्या स्वागताला आकाशात जमले आहेत." त्याच्या कानाखाली ओढावी असं वाटलं. पडद्यावर सतरा नंबरच्या घरट्यातली चोच उघडमीट करत होती, ती थांबली.

मी साहेबांना म्हणाले, "होड्या मागं घ्या. पाखरं उतरू द्या."

"सिस्टर, पाचच मिनिटं. गाडी फाट्यावर आली आहे. ते आले आणि इथं कुणीच नाही, असं कसं चालेल?"

मी जुईलीला बाजूला ओढलं. "बोल त्यांना. यंत्र तुझं आहे. तुझं ऐकतील."

ती घामानं निथळत होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. "आई, अकरा पाणथळींची परवानगी त्यांच्या हातात आहे. आज यांना दुखावलं तर तिथली हजारो अंडी दरवर्षी बुडत राहतील. त्यापुढं इथली थोडी गेली तरी..."

"कुठली थोडी?"

ती यंत्रावरच्या आकड्यांकडं बघायला लागली.

"कुठली थोडी ते बोट करून दाखव. या पडद्यावर दाखव. सतरा तर गेलंच. आणखी कुठली, ते तूच निवड."

तिनं पडद्याकडं पाठ केली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला तिची दया आली नाही. आईनं असं बोलू नये, पण खरं तेच सांगते. लहानपणी बुडणारी अंडी बघून जेवली नव्हती ती हीच का, असं मला वाटलं. आणि मग वाटलं, हिला डोक्यावर चढवून ही वेळ मुक्रर करायला लावणाऱ्यांत आपणही होतो, हिच्याकडून कसली अपेक्षा करतेस? चूक तुझी आहे, तूच ऊठ.

मी पदर खोचला आणि तराफ्याच्या कडेला गेले. माइक लागला नाही, वॉर्डात ओरडायची सवय आहे मला.

"बाळनाथ, बेट बाळंत आहे. डहाळा काढला म्हणून बाळंतपण टळत नाही. होड्या मागं घे."

बाळनाथनं एक शब्द विचारला नाही. त्यानं नांगर ओढला आणि मोटार सुरू केली. त्याच्या मागची होडी फिरली, तिच्या मागची फिरली. तराफे होड्यांनाच बांधलेले, त्यामुळं कनात, खुर्च्या, हारतुरे आणि त्यावर बसलेले सगळे मान्यवर काठाकडं निघाले.

"कुणाच्या हुकमानं चाललाय?" साहेब ओरडले. "थांबवा आधी. पाचच मिनिटं."

"साहेब, तुम्हाला थांबायचं तर थांबा की," बाळनाथ म्हणाला. "पाणी इथं कमरेएवढंच आहे."

दोनशे पावलांवर आम्ही गेलो तेव्हा पावणेबारा झाले होते. मग पाखरं उतरली. कुणी सांगायची वाट बघितली नाही, आभाळातून पडल्यासारखी उतरली, प्रत्येक जण आपापल्या खळग्यावर. कुठं आईबाप बसले ते बसलेच, कुठं येऊन चोचीनं ढोसून बघितलं आणि नुसतेच बाजूला उभे राहिले. पाहुणे बारा वाजून वीस मिनिटांनी आले. त्यांना सकाळची फीत दाखवली, त्यांनी टाळ्या वाजवल्या, हार घेतला, चार मिनिटांत गेले. त्यांना काय झालं ते कुणी सांगितलंही नसेल. म्हणून राग तरी कुणावर धरायचा, असं मला एकानं समजावलं. मी त्याला म्हटलं, वाट बघायला लावणाऱ्याला ठाऊक नव्हतं, पण वाट बघणाऱ्यांना ठाऊक होतं ना, मग त्यांच्यावर धरते.

पुढचं आधीच सांगते. तिसऱ्या दिवशी पाणी चढलं आणि जी पिल्लं जिवंत होती ती एकूण एक पाण्याच्या पुढं पळत, पोहत काठाला आली. सुईण खोटी नव्हती. चांगली होती, कामाची होती, म्हणून तर जास्त चीड येते.

पण त्याआधीची सकाळ राहिली. अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी शिबिरात मोजणी ठरलेली होती. पावणेसहाला साहेब काठावर हजर.

"सिस्टर, आज मुलांना मोजणी नको. चित्र काढायला द्या. लहान आहेत, मनावर परिणाम होतो."

"मुलांच्या हाती कागदी पक्षी देऊन काल दोन तास उन्हात बसवलं, तेव्हा परिणाम होत नव्हता?"

मी दुर्बिणी वाटल्या. बावीस मुलं, एकेचाळीस घरटी. एक तक्ता लिहायला, बाकी प्रत्येकाला दोन, शेवटच्याला एक. पहिल्यांदा मुलं भांडली, हे माझं, ते तुझं. मग हळूहळू आवाज बंद झाला. एक-दोघं रडली. मी त्यांना उगी केलं नाही, रडून झाल्यावर पुन्हा दुर्बीण हातात दिली. सगळ्यांचे आकडे एकत्र केले. फुटलेली अंडी शहाण्णव. जिवंत पिल्लं एकोणतीस.

अन्विता गाढवे म्हणून सहावीतली मुलगी तक्ता लिहीत होती. अभयारण्याच्या छापील तक्त्यात तीनच रकाने असतात, घरटी, अंडी आणि फुटलेली. "बाई, जिवंत कुठं लिहू? आणि मेलेली?"

मी पट्टी घेतली आणि उरलेल्या कोऱ्या जागेत तीन रेघा मारल्या. जिवंत. मृत. कारण. दवाखान्यात आयुष्य गेलं माझं, मृत्यू लिहिला की शेजारी कारण लिहावं लागतं.

तेवढ्यात जुईली आली. रात्रभर झोपलेली दिसत नव्हती. तिच्या हातात अहवाल होता, साहेबांनी तयार करून दिलेला, फक्त तिची सही बाकी. मी वाचला. 'नियोजित वेळेत शंभर टक्के अंडी यशस्वीरीत्या फुटली. तीव्र उष्म्यामुळे काही प्रमाणात मरतूक आढळली.' यातला एकही शब्द खोटा नव्हता. असलं खरं लिहिणाऱ्यांचे हात झडत कसे नाहीत?

"मॅडम, दहाच्या आत वर पाठवायचा आहे," साहेब म्हणाले. "सही झाली की अकराच्या अकरा ठिकाणांची परवानगी आजच निघते. नाही झाली तर मी काही करू शकणार नाही."

मी जुईलीला काही बोलले नाही. काल जे बोलायचं ते बोलून झालं होतं. तिनं अहवाल घडी करून खाली ठेवला, अन्विताच्या शेजारी वाळूत बसली आणि दुर्बीण मागून घेतली. एकेचाळीसही घरटी तिनं एकेक करून बघितली. बराच वेळ लागला. साहेब घड्याळ बघत उभे होते. सतरा नंबरावर ती सगळ्यात जास्त थांबली.

"एकोणतीस," ती म्हणाली. "बरोबर मोजलंय तुम्ही."

"ताई, कारण काय लिहू?" अन्वितानं विचारलं. "उष्मा लिहू?"

साहेबांनी पटकन मान डोलावली. "हो बाळ, उष्माच लिही."

"नाही," जुईली म्हणाली. "उष्मा रोजच असतो, पाखरांना त्याचं काय करायचं ते कळतं. लिही, पाहुण्यांची वाट पाहिली."

अन्वितानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तिनं गोल गोल अक्षरात लिहिलं, मृत सदुसष्ट, कारण पाहुण्यांची वाट पाहिली. खाली बावीस मुलांनी नावं घातली. त्यांच्या खाली जुईलीनं सही केली, हुद्दा घातला, शिक्का मारला आणि तो तक्ता साहेबांच्या हातात दिला.

"हाच वर पाठवा," ती म्हणाली.